त्रेसष्टवर अडलेलं यंत्र

दवाखान्याच्या नोंदणीच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. पडद्यावरचा आकडा सरकत होता. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट... शंभर! टाळ्या कडाडल्या. यंत्रबाबांनी सावकाश डोळे उघडले.

दोन महिने प्रत्येक अपडेट त्रेसष्ट टक्क्यांवर अडत होतं. नोंदणीच्या ताईंनी सुरू केलं की अडायचं, संगणक दुरुस्त करता करता बाबा झालेल्या या गृहस्थांनी हात लावला की पार!

"यंत्रालाही जीव असतो," बाबा म्हणाले. "विधवेचा स्पर्श त्याला सोसत नाही. बोटांतला दोष जाळावा लागेल."

"जाळा की मग," औषधवाले काका म्हणाले. जसा काही केरच जाळायचा होता.

ताई माझ्याकडे, दवाखान्यातल्या नर्सकडे, वळल्या. "अगं, तू तरी बोल. या बोटांवर माझी नोकरी आहे."

"नोकरीसाठीच सोसा, ताई," मी म्हणाले आणि त्यांची मनगटं धरली. बाबांनी मेणबत्ती पेटवली.

आठवड्याने पुढचं अपडेट आलं. रजेवरून परतलेल्या, संगणकात मुरलेल्या डॉक्टरीणबाईंनी ताईंच्या हातांची बँडेजं पाहिली, सगळं ऐकून घेतलं आणि बाबांना बोलावलं.

"बसा. पण आज ताईंच्या लॉगिनने."

"माझ्याच लॉगिनमध्ये सिद्धी..."

"सिद्धीलाही पासवर्ड लागतो? बसा!"

एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. अडलं.

बाईंनी ताईंच्या लॉगिनमधली एक छोटी फाइल उघडली. "इथे फाइल कॉपी करायची मूळ आज्ञा बदलली आहे. जुन्या फाइलवर नवी लिहायची वेळ आली की ही थांबून विचारते, 'लिहू का?' अपडेट पडद्यामागे चालतं. तिथे उत्तर कोण देणार? बाबांच्या लॉगिनमध्ये आज्ञा मूळची, म्हणून सुरळीत. आणि बदल करणाऱ्याचं नाव इथेच आहे. वाचा, बाबा, मोठ्याने."

बाबा वाचेनात. बाईंनी ती फाइल काढून टाकली, ताईंच्याच लॉगिनने अपडेट पुन्हा लावलं. शंभर.

"चला, दोष गेला!" काका हसले. "ताई, उद्यापासून या कामाला."

ताईंनी दोन्ही हात वर केले. "कशाने टाइप करू?"



ताईंची मनगटं धरली त्या दिवशीही माझा उपास होता. शंका मला आली होती, ती मी देवाचं नाव घेत गिळली. देवाने असं कधी सांगितलं नव्हतं. बायांनो, यंत्र अडलं तर त्यात काय लिहिलंय ते उघडून बघा. कुणाचं मनगट धरण्याआधी "का?" एवढं तरी विचारा.