बंद बुटांचा निरोप

माणसाला मत्सर करायला शेजार पुरतो, पण मंदाबाईचा मत्सर रोज जळगावजवळच्या असोद्याहून धुळ्याला जाऊन परत यायचा. धुळ्यात तिची धाकटी जाऊ राहायची. डिंपल.

या दोघींच्या नवऱ्यांची नावं ऐकली तरी अर्धी गोष्ट कळते. सासूची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली, म्हणून तिसऱ्याचं नाव उखर्डू ठेवलं. उकिरड्यावरच्या पोराला कोण दृष्ट लावणार? पोरगं जगलं. मग म्हातारीला धीर आला आणि पुढच्याचं नाव तिने भूपेंद्र ठेवलं. उखर्डू असोद्याला केळीच्या बागेत राहिला, भूपेंद्र शिकून धुळ्यात नोकरीला लागला. मंदाबाई उखर्डूच्या वाट्याला आली आणि डिंपल भूपेंद्रच्या, आणि देवाने नावं बघूनच जोड्या लावल्या असं मंदाबाईचं पक्कं मत होतं.

तरी साड्या, फ्रीज, स्कूटी यांचा जळफळाट तिने केव्हाच पचवला होता. पचला नव्हता तो एकच घास. तिचा एकुलता एक तेजस सातवीनंतर शाळेसाठी काकाकडे धुळ्याला गेला आणि नऊ वर्षं तिथेच राहिला. "शिकाले ठेवलं होतं, दत्तक नव्हतं देल्लं," असं ती नवऱ्याला महिन्यातून एकदा तरी ऐकवायची. श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्यासाठी, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने गहू काढतात. तेजसच्या नावाचे गहू नऊ वर्षं डिंपलने काढले. सुट्टीत असोद्याला आलेला असताना त्याला एकदा सडकून ताप आला, आणि तापात पोरगं "काकू, काकू" करत होतं. मंदाबाई उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवत होती. त्या रात्री तिने डिंपलला मनात जे जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढे तेजस हॉटेलचं शिकला आणि मुंबईहून सुटणाऱ्या एका मोठ्या प्रवासी जहाजावर लागला. ती बातमीसुद्धा मंदाबाईला धुळ्याहूनच कळली. पहिला पगार, बढती, बोट कापलं, मिशी काढली, सगळं आधी डिंपलला आणि मग डिंपलकडून असोद्याला. खरं तर आपल्याकडे रीत उलटी. घरातल्या मोठीच्या कानावर घातलं की निरोप घरभर पोचला असं धरतात. धाकटीला वेगळं सांगायला गेलं तर तो मोठीचा अपमान. मंदाबाई मोठी असून पंधरा वर्षं तिच्या कानावर काही येत नव्हतं.

यंदा तेजसला घरच्यांसाठी सवलतीत तिकिटं मिळाली. तीन रात्री, चार माणसं, दोन खोल्या. जहाज म्हणजे जळगावचं एखादं मोठं व्यापारी संकुल कोणीतरी पाण्यात ढकलून द्यावं तसं होतं. नऊ मजले, लिफ्टा, पोहायचा तलाव. डिंपल पहिल्या दिवसापासून गुडघ्याखालपर्यंतची पँट, पायात रबरी चपला आणि डोक्यावर टोपी अशी वरच्या मजल्यावर फिरत होती. भूपेंद्रची अर्धी चड्डी. चाळिशी उलटलेली बाई पोटऱ्या दाखवत फिरते म्हणून मंदाबाईचा एक डोळा तिच्यावरच होता. दुसरा डोळा आपल्या नऊवार ओलांडून सहावारीत आलेल्या, पण अजून तीत नीट चालता न येणाऱ्या स्वतःच्या पायांवर.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेजस धावतपळत खोलीवर आला. पांढरा शर्ट, काळं जाकीट, छातीवर नावाची पट्टी. हातात पाचच मिनिटं. उखर्डूनाना घोरत होते, डिंपल-भूपेंद्र वर तलावावर.

"आई, नीट ऐक. ठरल्याप्रमाणे आज रात्री माझ्या रेस्टॉरंटमध्ये जेवायचं, आठला टेबल ठेवलंय, खिडकीचं. खालच्या हॉलसारखं नाही ते, कसंही गेलं आणि ताट भरून घेतलं असं. तिथे कपड्यांचे नियम आहेत. नाना आणि काका, दोघांना पूर्ण पँट, कॉलरचा शर्ट, बंद बूट. तू साडीच नेस, छान दिसते. काकूला सांग, साडी नाहीतर ड्रेस, पण ती अर्धी पँट आणि रबरी चपला बिलकूल नको. दारातूनच परत पाठवतात. आणि आठ म्हणजे आठ. सव्वाआठपर्यंत कोणी आलं नाही तर ती जागा दुसऱ्याला देतात."

"घरच्या मानसालेही?" मंदाबाईने विचारलं.

"घरच्यांना तर आधी. माझा मॅनेजर बघत असतो. काकूला सांगशील ना? इथे फोन लागत नाही, आणि मला आता वर तलावावर जायला मिळणार नाही."

"सांगते ना. मी कशाले आहे?"

तेजस गेला. मंदाबाई पलंगाच्या कडेला बसून राहिली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा निरोप तिच्या कानावर आला होता. डिंपलला ठाऊक नाही असं तेजसचं काहीतरी तिला ठाऊक होतं. आधी ती नुसती सुखावली. मग ते सुख तोंडात गुळाच्या खड्यासारखं घोळवता घोळवता तिच्या मनात आलं की हा खडा वाटून खायलाच हवा असं कोणी सांगितलंय?

पाच वाजता डिंपल स्वतःच खोलीच्या दाराशी आली. केस ओले, नाक उन्हाने लाल.

"अक्का, रात्री तेजसकडे जेवायला ना? काही सांगून गेला का तो? काय घालायचं वगैरे?"

हा प्रश्न आला नसता तर गोष्ट न सांगण्यावरच निभावली असती. पण आला. मंदाबाई बॅगेतून साडी काढत होती, तिने मानही वर केली नाही.

"काय घालाचं? जे अंगावर आहे ते. आपलंच पोरगं आहे, त्याच्याकडे जेवाले जाताना कोन कपडे पाह्यते?"

"नक्की ना? नाहीतर मी बदलून येते."

"काबर बदलते? मस्त दिसते. या तुम्ही वरूनच, फिरून झालं म्हनजे. आठ-सव्वाआठले या. घाई नही."

"बरं झालं बाई," डिंपल म्हणाली. "सूर्य बुडताना यांना फोटो काढायचेत." आणि चपला फटफटवत निघून गेली.

सात वाजता मंदाबाईने उखर्डूनानांना बूट घालायला लावले. मागच्या लग्नसराईतले ते बूट नानांच्या करंगळ्यांना चावायचे.

"चप्पल घालतो ना व. कोन पाह्यते खाली?"

"नियम आहे."

नानांनी एक बूट हातात धरून बायकोकडे पाहिलं. "भूपेंद्रले सांगितलं का मंग?"

"त्याची बायको हुशार आहे. तिले सगळं समजते."

नानांनी बूट खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्यांना एवढं कळलं होतं की डिंपलचं नाव या सुरात आलं की आपण बुटात पाय घालावा.

रेस्टॉरंट आठव्या मजल्यावर होतं. दाराशी उंच टेबलामागे एक हसरी मुलगी, आत मंद दिवे, पांढऱ्या कडक चादरी घातलेली टेबलं, आणि कुठेही भांड्याचा आवाज नाही. पंगतीला सरावलेल्या मंदाबाईला वाटलं, इथे जेवण आहे की कोणाचं ऑपरेशन? पण छातीत मात्र तिच्या वरातीतल्यासारखी पावरीच वाजत होती. जांभळी पैठणी, अंबाडा, नाकात नथ. दारातली मुलगी हात जोडून म्हणाली, "तेजससरांच्या आई ना? या." जन्मात कोणी तिला या नावाने बोलावलं नव्हतं. असोद्यात ती नानांची बायको आणि धुळ्यात डिंपलची जाऊ.

आत पाऊल टाकणार तोच मागून चपला वाजल्या. नानांच्या चावऱ्या बुटांपायी आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. डिंपल तीच अर्धी पँट घालून, भूपेंद्र तीच चड्डी घालून, दोघंही हसत.

दारातल्या मुलीचं हसू तसंच राहिलं पण तिचा हात आडवा आला. "सॉरी सर, सॉरी मॅडम. या कपड्यांत आत नाही सोडता येत. बदलून आलात तर..." तिने घड्याळाकडे पाहिलं. खोल्या चौथ्या मजल्यावर होत्या आणि या वेळी लिफ्टपाशी ही रांग. आतल्या टेबलांवरची माणसं माना वळवून बघायला लागली. भूपेंद्रने दोन्ही हात चड्डीच्या खिशात घातले आणि लगेच बाहेर काढले. डिंपलच्या कानाच्या पाळ्यांपर्यंत रंग चढला. मंदाबाईला हेच बघायचं होतं. बघितलं. पोटभर बघितलं.

आतून तेजस आला. त्याच्या मागे चार पावलांवर टाय घातलेला त्याचा मॅनेजर. तेजसने आधी काकूकडे पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं, आणि मग आईकडे.

"आई, मी तुला दुपारी सांगितलं होतं ना?"

मंदाबाईने उत्तर तयार ठेवलंच नव्हतं. मत्सर माणसाला फक्त अर्ध्या वाटेपर्यंतचं सुचवतो. ती ओठ हलवते आहे एवढ्यात डिंपलने तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. एकदाच, पण पुरतं.

"अरे, अक्कांनी पाच वाजताच सांगितलं मला," डिंपल हसून म्हणाली. "मीच वेंधळी. फोटो काढत बसलो आणि डोक्यातूनच गेलं. तुझ्या साहेबांना सॉरी सांग हं. आम्ही खालच्या हॉलमध्ये जेवतो." मग नवऱ्याचा दंड धरून माहेरच्या बोलीत म्हणाली, "चला हो, माले भूक लागनी शे."

चपला फटफटत गेल्या. मंदाबाई ते ऐकत उभी राहिली.

खिडकीचं टेबल चार जणांचं होतं. ती बसेपर्यंत एका पोऱ्याने समोरच्या दोन जागांवरचे काटे, सुऱ्या, ग्लास, कापडी रुमाल ट्रेमध्ये भरून नेलेसुद्धा. तेजसने तिच्यासाठी खिडकीलगतची खुर्ची मागे ओढली, ती बसताना अलगद पुढे केली, रुमाल उघडून तिच्या मांडीवर पसरला. नानांनी आपला रुमाल गुडघ्यावर ठेवला आणि बुटांतून हळूच टाचा मोकळ्या केल्या. तेजसने वाकून हळू आवाजात सांगितलं, बाहेरच्या बाजूचा चमचा आधी, एक पदार्थ संपला की तो उचलतील आणि मग दुसरा येईल, दोन तास लागतील, घाई करायची नाही, आणि हो, मला बसता येणार नाही, मी वाढणार.

तिने मनात रंगवलं होतं तसंच सगळं चाललं होतं. खिडकीलगतची खुर्ची, पोराच्या हातचं वाढणं, डिंपल नाही. सूप आलं. वाटी मोठी आणि सूप तळाशी दोन घोट. मंदाबाईला ते गिळवेना.

"काकूचं वाईट वाटतंय," तेजस पाण्याचा ग्लास भरता भरता म्हणाला. "आई, तुला एक सांगू? ही खुर्ची तुला द्यायची हे तिचंच. तुम्ही जहाजावर चढायच्या आधी मी तिला फोन केला होता, तेव्हा म्हणाली, जहाजावर पहिली खुर्ची आणि सगळे निरोप आईलाच दे. माझ्याकडे आले की तिला लागतं. मला जे सांगायचं ते अक्का सांगतील."

खिडकीबाहेर काळं पाणी होतं. मंदाबाईने चमचा खाली ठेवला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा आलेला निरोप, तोसुद्धा डिंपलने पाठवलेला. खुर्चीही तिने दिलेली. दारात अब्रूही तिनेच झाकली. मंदाबाईचं स्वतःचं असं या टेबलावर काय होतं? नथ? तिला पश्चात्ताप व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही, पण त्याच्या वर साय धरावी तशी जुनी आग आली. हिने पोर घेतलं, आता चांगुलपणाही हिनेच घ्यायचा? आयुष्यभर हिच्या उपकाराखाली राहायचं?

"खोटं बोलली ती," मंदाबाई म्हणाली. आवाज मोठा निघाला. शेजारच्या टेबलावरचे काटे थांबले. "तिले नही सांगितलं मी. तिनं विचारलं होतं मले, खोलीवर येऊन. मी म्हटलं, जे अंगावर आहे ते घालून ये. समजलं? नको मले तिचं पांघरून."

"मंदे," नाना म्हणाले. एवढंच.

तेजसच्या हातातला पाण्याचा जग तसाच तिरपा राहिला आणि मग सरळ झाला. मॅनेजर लांबून बघत होता. मंदाबाई वाट बघत होती की तो ओरडेल. तो ओरडावा असंच तिला वाटत होतं. आईवर ओरडलेला मुलगा आईचा तरी असतो.

तिच्या मांडीवरून रुमाल घसरून खाली पडला होता. तेजसने वाकून तो उचलला, दुसरा कोरा आणून तिच्यासमोर ठेवला, आणि एक पाऊल मागे सरून हात पाठीमागे बांधले.

"मॅडम," तो म्हणाला, "पुढचा पदार्थ तुम्हाला तिखट चालेल की कमी तिखट?"

जन्मात त्याने तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मंदाबाईने त्याच्याकडे बघायचा प्रयत्न केला, पण नजर त्याच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीच्या वर जाईना.

"कमी," ती म्हणाली.