आवाज मागे पडतोय

"बाई, मागे पडतोय म्हणजे पडतोय! मी काय बहिरा आहे?"

कॅमेरेवाली स्टुलावर उभी होती आणि तिच्या दातांत स्क्रू होता, त्यामुळे तिला उत्तर देता येत नव्हतं. ते खाली उभ्या असलेल्या काटेवाल्याला तसं नकोच होतं. आधी येऊन गेलेल्या दोघांची कर्मकहाणी त्याने सुरू केली होती. एकाने वायर बदलली, दुसऱ्याने इंटरनेटचा डबाच बदलायला लावला, आणि फरक काय, तर शून्य. स्वतः त्याने तो डबा इतक्या वेळा बंद-चालू केला होता की बटण हलायला लागलं होतं.

शहराबाहेरच्या गोदामापाशी ट्रकचं वजन करायचा जो मोठा काटा आहे, तिथे तो कामाला होता. रिकामी गाडी तोलायची, भरलेली तोलायची, पावती फाडायची, पुढची घ्यायची. मागे सतत कोणी ना कोणी हॉर्न वाजवत असायचं. माणूस मुळात वाईट नव्हता, पण जन्मभर घाईत जगला. घास गिळायच्या आत पुढचा तोंडात, आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपलं सुरू.

बायकोला चार महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला. हात आला, पाय आला, डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. तो कामावर गेला की ती घरी एकटी, म्हणून खोलीत कॅमेरा बसवला. काट्यावरून मोबाइलमध्ये तिला बघायचं आणि बोलायचं. पण तो विचारायचा, "औषध घेतलंस का?" आणि उत्तर येईपर्यंत एक गाडी उतरून जायची. म्हणून तो दुसरं विचारायचा, तिसरं विचारायचा, आणि मग येणारा 'हो' नेमका कशाचा, ते कळायचं नाही. मागच्या आठवड्यात "जेवलीस का?" विचारलं, लगोलग "चक्कर येतेय का?" विचारलं, आणि पलीकडून "हो" आला. काट्यावर भरलेला ट्रक तसाच सोडून हा घरी धावत सुटला. ती ताट धूत होती. मालक म्हणाला, पुन्हा असं झालं तर घरीच बसा.

"काका, चित्र फार भारी ठेवलंय तुम्ही," कॅमेरेवाली स्क्रू हातात घेत म्हणाली. "एवढं ओझं घेऊन जाताना आवाज मागे राहणारच. थोडं पुसट करू?"

"करा. तिचं तोंड मला पाठ आहे."

खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली बायको हसल्यासारखी झाली. एकेकाळी हिच्या तोंडाला तोंड देताना भल्याभल्यांची भंबेरी उडायची. तो तिला बघायला गेला तेव्हा त्याने विचारलं होतं, "स्वयंपाक येतो का?" आणि ही चारचौघांत म्हणाली होती, "येतो. तुम्हाला जेवता येतं का?" तेव्हाच तो तिच्यावर भाळला. पुढे संसारात तर शब्दाला शब्द ठरलेलाच.

कॅमेरेवालीने लोखंडी कपाटामागे दडपलेला डबा काढून उंचावर ठेवला. तोंड तिचं चालूच होतं, कोणाच्या घरी मांजरच कॅमेऱ्याची वायर कशी खातं वगैरे. मग तिने काटेवाल्याला खाली रस्त्यावर पिटाळलं. "मोबाइलवर घरचं नेट बंद करा, त्याच्या स्वतःच्या नेटवरून बोला. कामावरून बोलता तसं."

"हॅलो! येतोय का आवाज?" तो खालून ओरडला.

"येतोय की! सगळा रस्ता ऐकतोय काका."

शब्द संपला न संपला तोच उत्तर. काटेवाला हरखला. "वा! आता तिला बोलू द्या. काय गं, औषध घेतलंस का?"

उत्तर नाही. एक स्कूटर गेली.

"घेतलंस का? अगं!"

"हो... घेतलं."

"बघितलंत? पडला मागे!"

"मी बोलते काका, थांबा. आला आवाज?" हा आवाज लगेच आला. पुन्हा बायको, पुन्हा उशीर. मग काटेवाल्याने शोध लावला की दोष त्या कोपऱ्याचा आहे, आणि कॅमेरेवालीला खुर्चीत बसायला लावलं. "बसले काका," हेही तत्काळ आलं.

"काका, वर या."

"झालं का?"

"वर या ना."

वर ती वायर गुंडाळत होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती. "कॅमेरा ठीक आहे. तुमचा आवाज इथे लगेच येतो. काकूंनाच..." ती थांबली. "काकूंनाच थोडा वेळ लागतो."

"भलतंच काय! घरात चांगली बोलते. रोज रात्री गप्पा होतात आमच्या. हो की नाही गं? होतातच!"

बायकोने तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मग पुन्हा उघडलं. तो काही बोलणार, तेवढ्यात कॅमेरेवाली म्हणाली, "थांबा."

"घरी... तुम्ही बोलता," बायको म्हणाली. मध्ये बराच वेळ गेला. "विचारता... आणि सांगताही... तुम्हीच."

तो मटकन पलंगावर बसला. खरंच होतं. औषध घेतलंस ना, घेतलंस, छान. भाजी खारट झाली का, नाही, बरी आहे. चार महिने दोघांचं बोलणं तो एकटाच बोलत आला होता. काट्यावर तेवढं तिच्या उत्तरासाठी थांबावं लागायचं, आणि ते थांबणं त्याने यंत्राच्या माथी मारलं होतं. त्याला आधी भीती वाटली, आणि मग कमालीची लाज.

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने वेळ घेतला. "सांगत होते. मध्येच... दुसरा प्रश्न."

कॅमेरेवाली पिशवी उचलून दाराशी गेली होती. बायकोने तिला हाताने थांबवलं. काहीतरी जुळत होतं तिच्या मनात. दोघं बघत राहिले.

"नाचता येईना..." ती नवऱ्याकडे बोट करून म्हणाली, "कॅमेरा... वाकडा."

कॅमेरेवाली खो खो हसली. काटेवालाही हसला, आणि हसता हसता त्याने चष्मा काढून डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी तो तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी बोलण्याचे व्यायाम दिले. पूर्वीसारखं होईल का, असं त्याने विचारलं, तर म्हणाले, "बघू." पूर्वीचं ते फटकन येणारं उत्तर आता परत यायचं नाही, हे त्याला त्या एका शब्दात कळलं.

आठवड्याने, भर दुपारी, काट्यावर खडीचा ट्रक उभा होता. काटेवाला पावती न फाडता मोबाइल हातात धरून बसला होता. "आज काय केलंस गं?" एवढंच विचारून तो गप्प झाला होता.

"काटेवाले, झोपलात का?" ड्रायव्हरने हॉर्न दाबला.

काटेवाल्याने हात वर केला. मोबाइलमधलं तोंड पुसट दिसत होतं. "खिडकीतल्या कुंडीला... आज..." ती म्हणाली आणि अडली. पुढचा शब्द त्याच्या अगदी ओठांवर आला होता. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

ड्रायव्हर खिडकीतून थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने इंजिन बंद केलं.