जुना माल मालकापाशी

रज्जाक मिस्त्री फूटबोर्डवर पालथा पडला, डोकं मागच्या चाकाजवळ लोंबतं सोडलं आणि ओरडला, "दे रेस!"

त्याचे दोन्ही पाय पुढच्या दारातून आत गेले होते आणि ते सावित्राबाईंनी काखेत घट्ट धरले होते. सावित्राबाई कुरवंड्याच्या. बांधाच्या भांडणाची तारीख होती म्हणून वडगावच्या कोर्टात निघाल्या होत्या. त्यांची कोंबडी त्यांनी मागच्या बाकावर एका पाटलाच्या मांडीवर दिली होती, कारण मिस्त्रीचे पाय धरायला दोन्ही हात लागत होते.

इब्राहिमने पाय दाबला. मोटारीने नाक वर केलं. पुढची बैलगाडी चुकवायला त्याने स्टिअरिंग उजवीकडे घेतलं, तशी मोटारीची मागची बाजू उजवीकडे आली, मग डावीकडे गेली, मग पुन्हा उजवीकडे. पुढची अर्धी मोटार वडगावला चालली होती आणि मागची अर्धी तिच्याशी भांडून माहेरी.

पाटलाने कोंबडीला मिठी मारली. मोटार कशीबशी सरळ झाली आणि कडेला थांबली.

"दिसलं का काय, भाई?" इब्राहिमने विचारलं.

"चाक दिसलं."

"मग?"

"गोल आहे."

सावित्राबाईंनी पाय सोडले. "मिस्त्री, मला खरं सांगा. कोर्टात पोचन ना मी? का तितं नुसती कोंबडी हजर व्हायची?"

रज्जाकने कपड्यांवरची धूळ झटकली आणि तो मोटारीत बसला. धाकटा भाऊ इब्राहिम त्याच्याकडे बघतोय हे त्याला कळत होतं.

पावसाळा सरल्यापासून हेच चाललं होतं. मोटार किराणावाल्या दत्तोबाशेठची, चालवायचा इब्राहिम, दुरुस्त करायचा रज्जाक. रज्जाकचा डावा गुडघा लहानपणापासून वाकत नसे, त्यामुळे क्लच त्याच्या नशिबात नव्हता. इब्राहिमचा हात मात्र असा, की चहाचा पेला समोर ठेवून खंडाळ्याचा घाट उतरायचा. सुरुवातीला मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांतला एक पाटा तुटला होता. तेवढ्यानं मोटार डुलते हे रज्जाकने ओळखलं आणि दोन्ही बाजूंचे पाटे बदलले. मोटार तरी डुलली. मग त्याने चाकांचे हब बदलले. जास्त डुलली. मग ब्रेकचे ड्रम, मग मागचा आख्खा आस. प्रत्येक दुरुस्तीनंतर दुखणं वाढतच गेलं. रज्जाकने यातून असा निष्कर्ष काढला, की आपण दुखण्याच्या अगदी जवळ पोचलो आहोत.

काढलेला प्रत्येक तुकडा तो तेलाच्या चिंध्यांत गुंडाळून, खडखडू नये असा, मोटारीच्या मागच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायचा. जुना माल मालकापाशी, ही त्याच्या उस्तादाची शिकवण. मिस्त्रीने न बदलताच बदललं म्हणून सांगितलं, असं कुणी म्हणू नये. मालकाने एकदा डोळ्यांनी बघावं, मगच ओझं उतरवावं. दत्तोबाशेठ "बघू की कधीतरी" म्हणायचे आणि साखर तोलायला लागायचे.

मग कार्ल्याच्या फाट्याजवळ मोटार भाताच्या खाचरात उतरली. कुणाला लागलं नाही, पण शेठ म्हणाले, "मोटारीतलं सगळं बदलून झालं. न बदललेला एकच पार्ट उरलाय." आणि त्यांनी इब्राहिमकडे पाहिलं.

त्या दिवसापासून इब्राहिम चहाची बशी दोन्ही हातांनी धरू लागला.

शनिवारी शेठ स्वतः आले. रज्जाकने आपल्या शेडसमोर ताडपत्री पसरली, दोघा भावांनी मिळून पेटी रिकामी केली आणि सगळे जुने तुकडे ओळीने मांडले. ताडपत्री भरून गेली.

"एवढं काढलं?" शेठ म्हणाले. "मग मोटार चालतेय कशावर?"

"नवं घातलंय, शेठ. एकूण एक."

"सरका बाजूला. आज मीच चालवतो. मिस्त्री, तुम्ही बसा शेजारी."

रज्जाक बसला आणि त्याने डोळे मिटून घेतले. शेठने वळवणच्या रस्त्यावर रेस दिली. बैलगाडी आली, शेठने चाक फिरवलं. काही झालं नाही. दुसरी आली, तेव्हाही नाही. मग शेठना मजा वाटू लागली. झाडाखाली सोडून ठेवलेल्या एका बिनबैलाच्या गाडीलाही त्यांनी जोरात वळसा घातला. मोटार देवळात निघालेल्या बाईसारखी सरळ चालली होती.

परत आल्यावर शेठने रज्जाकच्या पाठीवर थाप मारली.

"मिस्त्री, काम चोख! असा कारागीर आख्ख्या लोणावळ्यात नाही. आज बाजारात चार लोकांना सांगतो." मग ते इब्राहिमकडे वळले. "तुला काय बोलू? सोमवारपासून वडगावचा एक ड्रायव्हर येतोय."

इब्राहिमने हात पाठीमागे नेले. "माझेच हात असतील, भाई," तो हळू म्हणाला.

रज्जाक मोटारीच्या मागे उभा होता. मागचं मडगार्ड काल होतं त्याहून चांगलं चार बोटं वर आलं होतं. त्याने पेटीचं झाकण उघडलं. तळाचा पत्रा या कडेपासून त्या कडेपर्यंत घासून लख्ख झाला होता. तेल लागून तो गुळगुळीतही झाला होता. त्यात रज्जाकला स्वतःचं तोंड दिसलं.

त्याने त्या पत्र्यावरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बोट सरकवलं. शेठ टोपी सारखी करत निघायच्या तयारीत होते.

"इब्राहिम," रज्जाक म्हणाला, "पाट्यांना हात लाव."

"कशाला?"

"आत ठेवायचेत."

"अहो, ते फेका आता," शेठ म्हणाले. "बघून झालं माझं."

रज्जाक थांबला नाही. पाटे, ड्रम, हब, आस, सगळं पुन्हा चिंध्यांत गुंडाळून एकेक करून पेटीत गेलं. मोटारीचं मागचं अंग खाली बसलं. त्याने झाकण लावलं.

"शेठ, एक फेरी अजून. एकटेच जा. रेस द्या, पण जरा बेतानं. आणि बैलगाडी दिसली की वळवा."

"आता काय राहिलं?"

"दुखणं."

शेठ कुरकुरत गेले. दोघे भाऊ रस्त्याच्या कडेला उभे राहिले. लांबवर एक बैलगाडी होती. मोटारीने नाक वर केलं, वळली, आणि तिची मागची बाजू माहेरी निघाली. शेठने मारलेली हाक इथवर ऐकू आली. ती देवाला होती.

इब्राहिमने हात पुढे घेतले. उलटे केले, सुलटे केले. मग शेडमध्ये गेला, स्टोव्हवरून चहा ओतून आणला आणि एका हाताने बशी पुढे केली. एक थेंब सांडला नाही.

मोटार नागमोडी चालत परत येत होती. रज्जाकने बशी दोन्ही हातांनी धरली.