बाबांनी निवडलेला असिस्टंट

वडिलांना कामावरून काढायचं क्षितिजने ठरवलं खरं, पण तसं तोंडावर सांगायची हिंमत काही त्याला झाली नाही. म्हणून रविवारी मल्लेश्वरमच्या घरी जेवता जेवता तो म्हणाला, "बाबा, आपल्याला एक व्हर्च्युअल असिस्टंट घ्यायचाय. तो स्वतःच्या घरून काम करेल. फोन, ईमेल, घरमालकांशी बोलणं, सगळं. माणूस तुम्हीच निवडा. तुमच्याइतकं हे काम दुसऱ्या कुणाला कळतंय?"

दामोदर कर्णिकांनी ताटातला भात कालवला आणि मान डोलावली. सरकारी कारखान्याच्या डिझाइन खात्यात जन्म काढलेला माणूस. सुरी कुठे चालणार आहे ते त्यांना बरोबर दिसलं.

नोकरीसाठी बंगळूरला येणाऱ्यांना घर शोधून देणं, सामान लावून देणं, मुलांची शाळा बघणं, हा क्षितिजचा धंदा. ऑफिस इंदिरानगरला. धंद्याचा फोन मात्र मल्लेश्वरमच्या पुढच्या खोलीत, दामोदरांजवळ. निवृत्तीनंतर वेळ जावा म्हणून क्षितिजने तो दिला आणि दामोदरांना पुन्हा साहेब झाल्यासारखं वाटू लागलं. घरमालकांशी कानडीत तासभर गप्पा मारून ते भाडं खाली आणत. पण अलीकडे विसरायला होत होतं, आणि विसरलं की ते चिडत. एका नवीन जोडप्याला त्यांनी भलत्याच पत्त्यावर पाठवलं आणि वर त्यांनाच झापलं. सून देवश्री तेव्हा नवऱ्याला म्हणाली होती, "आता पुरे कर." तेही त्यांनी ऐकलं होतं.

मुलाखती फोनवर झाल्या. पहिली रम्या, म्हैसूरची. दामोदरांनी विचारलं, "घरमालक ऐनवेळी फिरला तर?"

"आदल्या दिवशी मी स्वतः फोन करून खात्री करीन, सर. आणि जवळपासचं दुसरं घर आधीच बघून ठेवीन."

उत्तर असं की त्यापुढे विचारायला काही उरूच नये. "कळवतो," म्हणून दामोदरांनी तिचं पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन ठेवला आणि संध्याकाळी क्षितिजला सांगितलं, "उद्धट आहे. मध्ये मध्ये बोलते."

दुसरा प्रणीत. बेळगावचा, चौतिशीचा, बोलताना अडखळणारा. आईला अर्धांगवायू झालेला, त्यामुळे घर सोडून नोकरी करणं शक्य नाही. "मला ह्यातलं लई कळत नाही काका," तो म्हणाला, "पण शिकवलासा तर शिकतो की."

हा दोन महिनेही टिकायचा नाही, हे दामोदरांना तिथंच कळलं. त्यांनी त्याला निवडला.

मग त्यांनी त्याला शिकवायला घेतलं. पहिला धडा असा: "क्षितिजला काही विचारायचं नाही. त्याला विचारलेलं खपत नाही. जे काय असेल ते मला विचार." प्रणीतने तो धडा पाठ केला. मग कुठल्या घरमालकाला थट्टा आवडते, कुणाला सकाळी उठवलेलं चालतं, हे दामोदरांनी नेमकं उलटं सांगितलं. तक्रारी येऊ लागल्या. क्षितिज वैतागला की दामोदर उसासा टाकून म्हणत, "जाऊ दे रे, शिकेल."

गंमत अशी की रोज संध्याकाळी प्रणीतचा फोन येई तेव्हा दामोदर आधीपासूनच चष्मा पुसून तयार असत. कामाचं बोलणं पाच मिनिटांत संपे. पुढे दामोदर बोलत आणि प्रणीत आईला पेज भरवता भरवता ऐके. कारखान्यातलं राजकारण, शहराबाहेर घेतलेला पहिला प्लॉट, बायकोचं शेवटचं आजारपण. इतकं कुणी त्यांचं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. एकदा पलीकडून त्याच्या आईचा काहीतरी अस्पष्ट आवाज आला. प्रणीत म्हणाला, "आई विचारतीया, काका जेवले काय म्हणून." दामोदरांना गलबलून आलं. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला आणखी एक चुकीची गोष्ट सांगितली.

अखेर वासुदेव नावाच्या घरमालकांचं प्रकरण आलं. देवनहळ्ळीजवळच्या नव्या लेआउटमधला त्यांचा फ्लॅट नागपूरहून येणाऱ्या मल्हार आणि सुखदाला द्यायचा ठरला होता. ते यायच्या दोन दिवस आधी वासुदेवांनी दामोदरांनाच फोन केला. "कर्णिक सार, फ्लॅट बहिणीच्या मुलाला दिला मी. घरचं प्रकरण, नाही म्हणता येईना. तुमच्या मुलाला जरा सांगा, स्वल्प."

"सरी, सरी. ठीक आहे, सांगतो," दामोदर म्हणाले.

संध्याकाळी प्रणीतने विचारलं, "काका, वासुदेवरावांचं पक्कं हाय न्हवं? एकदा फोन करून बघू काय?"

"माझं बोलणं झालंय. परत परत विचारलंस तर बिथरतील. पक्कं आहे म्हणून कळवून टाक."

शनिवारी भर उन्हात मल्हार-सुखदा सामानाच्या ट्रकसकट फाटकाशी उभे राहिले. वर त्यांना मिळायच्या फ्लॅटच्या गॅलरीत दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत होते. वॉचमन आत सोडीना. ट्रकवाल्याने पलंग, कपाट, गॅसची शेगडी रस्त्याच्या कडेला उतरवली आणि तो निघून गेला. चार महिन्यांचं मूल घेऊन सुखदा वॉचमनच्या पत्र्याखाली बसली. मुलाला ताप भरला. तो पलंग, ते कपाट आणि रडून लाल झालेलं ते मूल, असा फोटो क्षितिजच्या धंद्याच्या नावासकट दुपारपर्यंत सगळीकडे फिरला.

क्षितिज मल्लेश्वरमला आला तो चपला न काढताच. त्याने दामोदरांसमोर बसून प्रणीतला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"फ्लॅट पक्का आहे, असं तू कुणाच्या भरवशावर कळवलंस?"

"का... काकांनी सांगितलं, सर. काका बोलले होते म्हणे वासुदेवरावांशी."

क्षितिजने मान वर केली. "बाबा, तुम्ही सांगितलंत?"

खोलीत पंखा फिरत होता. पलीकडे प्रणीतचा श्वास ऐकू येत होता. तो अजिबात घाबरलेला वाटत नव्हता. काका आत्ता खरं काय ते सांगतील, अशी त्याची खात्री होती.

"नाही," दामोदर म्हणाले. "मी कशाला सांगेन?"

मग प्रणीत म्हणाला, "माझ्याच ऐकण्यात काय तरी चूक झाली असंल, सर. काका कशाला खोटं बोलतील?"

"उद्यापासून येऊ नकोस," क्षितिज म्हणाला. मग घरून काम करणाऱ्याला आपण काय बोललो हे ध्यानात येऊन त्याने वाक्य बदललं. "म्हणजे, काम संपलं तुझं. तुझं लॉगिन बंद करतोय."

फोन बंद झाला. दामोदरांनी सुस्कारा सोडला. "मी म्हटलंच होतं, असल्या लोकांचं काही खरं नाही. मी आहे ना, बघतो सगळं पूर्वीसारखं."

क्षितिज त्यांच्याकडे बघत राहिला. "वासुदेव अंकलशी बोलूनच आलोय मी, बाबा. त्यांनी फोन कुणाला केला होता ते त्यांनी मला सांगितलंय."

दामोदरांचे कान तापले. मग ते म्हणाले, "मग त्याला का काढलंस?"

"लोकांना कुणाचं तरी नाव द्यावं लागतं. वडिलांचं देऊ?" क्षितिज उठला. "तुम्ही हो म्हणता की नाही, तेवढंच बघायचं होतं. बघितलं."

त्याने टेबलावरचा धंद्याचा फोन उचलून खिशात टाकला, चार्जरही काढून घेतला. "सोमवारपासून रम्या काम सुरू करतेय. ती उद्धट मुलगी. तिला मी सांगितलंय, तुम्हाला फोन करायचा नाही. काही लागलं तर देवश्रीला विचारेल."

दारापर्यंत जाऊन तो थांबला. दामोदरांना वाटलं, आता तरी ओरडेल. तो म्हणाला, "औषध घेतलंत का दुपारचं?" आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेला.

तीन-चार दिवसांनी दामोदरांच्या स्वतःच्या मोबाइलवर प्रणीतचा फोन आला. दामोदरांनी तो उचलला. निदान ह्याला तरी खरं सांगून टाकावं, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं.

"काका, रागावलासा काय माझ्यावर? तुमचं नाव मध्ये घेतलं मी, चुकलंच माझं," प्रणीत म्हणाला. "तेवढं सरांना माझ्यासाठी एकदा इचारता काय? आईला अजून सांगितलं नाही मी."

"विचारतो," दामोदर म्हणाले.

त्यांनी विचारलं नाही. दोन दिवसांनी पुन्हा फोन आला, त्याच संध्याकाळच्या वेळी. दामोदर म्हणाले, "क्षितिज बाहेरगावी गेलाय." तिसऱ्यांदा त्यांनी वाजू दिला. चौथ्यांदा फोन वाजू लागला तेव्हा देवश्री भाजी निवडत बसली होती. तिने मान वर करून विचारलं, "कुणाचाय बाबा? घेत का नाही?"

"कुणी तरी उगाच त्रास देतोय," दामोदर म्हणाले आणि त्यांनी मोबाइल तिच्यापुढे धरला. "हा नंबर कायमचा बंद कसा करतात, जरा दाखव ना."

देवश्रीने पदराला हात पुसले आणि दाखवलं.