कपाटातली सही

तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवून बाई निवृत्त झाल्या आणि जुनी घरं घेऊन, दुरुस्त करून विकू लागल्या. शाळा सुटली तरी ‘बाई’ काही सुटलं नाही; गवंड्यापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत. नऊ घरं त्यांनी विकली, आणि नऊही एकाच रंगाऱ्याने रंगवली.

या रंगाऱ्याला एक खोड होती. काम संपलं की भिंतीतल्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूने, तो पेन्सिलीने तारीख घालून सही करायचा.

“बाकावर नाव कोरणाऱ्यांना मी अंगठे धरून उभं करायचे,” बाई म्हणायच्या.

“मी शाळेत फार दिवस टिकलो नाही ना बाई, म्हणून हौस राहिली.”

दहाव्या घरात मात्र घोडं अडलं. सगळं होत आल्यावर आतल्या खोलीच्या भिंतीवर ताटाएवढी ओल उमटली. वरच्या मजल्यावरचा पाइप कुठेतरी झिरपत असणार. शोधायचा म्हणजे भिंत फोडा, वरच्यांची फरशी उचला, दोन महिने त्यांचे टोमणे ऐका. त्यात या घरात बाईंच्या धाकट्या बहिणीचा सगळा फंड अडकलेला. ती रोज सकाळी फोन करायची आणि तब्येतीच्याही आधी विचारायची, “गेलं का गं?”

“ओल दाबणारा रंग मारून टाका,” बाई रंगाऱ्याला म्हणाल्या.

“मारतो. पण चार महिन्यांनी वर येईल.”

“तोवर घर गेलेलं असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

त्याने ब्रश डब्यात बुडवला. दोन हात मारले, डबे उचलले आणि गेला. बाईंना वाटलं, चला, सुटलो. दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका शोधण्यात हयात गेली की स्वतःची वही तपासायची सवय राहत नाही, हेच खरं.

शनिवारी एक तरुण नर्स घर बघायला आली, दमा असलेल्या वडिलांना घेऊन. तिला ओटा आवडला, खिडक्या आवडल्या. वडील आतल्या खोलीत गेले आणि धाप लागली म्हणून नेमके त्याच भिंतीला पाठ टेकून उभे राहिले.

“बाबांना हीच खोली देऊ,” नर्स म्हणाली. “माझ्या काकांनी तुमच्याकडूनच घर घेतलंय बाई. सहा वर्षं झाली, भिंतीचा एक पोपडा निघाला नाही.” मग तिने कपाट उघडलं आणि मोबाइलचा टॉर्च लावून वाकून बघू लागली. “काका म्हणाले, आधी कपाट उघड, रंगाऱ्याची सही असली तर डोळे मिटून घे. पण इथे सही दिसत नाही?”

बाईंनी बघितलं. दोन्ही दारं कोरी होती. इतकी वर्षं ज्या सहीची चेष्टा केली, ती नाही म्हटल्यावर त्यांनी दोन्ही दारं पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितली. विसरले असतील, हे दोन शब्द जिभेवर तयार होते. समोर म्हातारा भिंतीला टेकून श्वास घेत होता.

“विसरले नाहीत ते,” बाई म्हणाल्या. “बाबा, जरा बाजूला व्हा. या भिंतीत ओल आहे. मी ती झाकायला लावली. त्यांनी माझं ऐकलं, पण सही केली नाही.”

नर्सने कपाट हळूच लावलं. “बघतो आम्ही,” ती म्हणाली, आणि ‘बघतो’चा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही.

बाई तडक रंगाऱ्याच्या घरी गेल्या. तो अंगणात ब्रश धूत होता.

“मला तोंडावर का नाही बोललात?”

“बोललो की. चार महिने म्हटलं होतं. घर तुमचं बाई, तुम्ही सांगाल तसं करायचं. सही तेवढी माझी होती.”

भांडायला आलेल्या बाई पायरीवर बसल्या. “उद्या भिंत फोडू,” एवढंच म्हणाल्या.

बहीण फोनवर अर्धा तास ओरडली, मग रडली, मग म्हणाली, “फोड एकदाची, पण नीट फोड.” सांधा तडकलेला सापडला. नऊ आठवडे गेले. वरच्या मजल्यावरच्यांनी बोलणं सोडलं, टोमणे सोडले नाहीत. आणि सहाव्या आठवड्यात नर्सचा फोन आला.

“बाई, भिंत वाळली की कळवा. मधे सात घरं बघितली. सातही ठिकाणी सगळं उत्तम आहे म्हणतात. मला भीतीच वाटायला लागली.”

व्यवहार ठरला त्या दिवशी रंगाऱ्याने कपाट उघडून सही केली. टॉर्च बाईंनी धरला होता.

“तुम्ही तेव्हा सही केली असती, तर मी हे घर त्या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधून मोकळी झाले असते,” त्या म्हणाल्या. “तुमचे उपकार आहेत माझ्यावर. फार मोठे.”

रंगारी अवघडला. उपकार कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. त्याने पेन्सिल पुढे केली. “खाली जागा आहे.”

हजारो प्रगतिपुस्तकांवर सह्या केलेल्या बाईंनी ती पेन्सिल घेतली. आधी भिंतीपाशी जाऊन तळवा टेकवून बघितला. कोरडी होती. मग त्यांनी सही केली.