दुर्बिणीखालची किरकिर

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं असेल, पण माझ्याकडे पाहिलं नसेल. गच्चीवर दुर्बीण मांडलेली दिसली की सगळे धावतात ते तिच्या नळीकडे. त्या नळीखाली, तीन पायांवर, एक जड, काळपट लोखंडी ठोकळा असतो. तो मी. मला माउंट म्हणतात. माझी गोष्ट तुम्हाला सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. पण आता फार थकलो आहे, म्हणून सांगून टाकतो.

माझं काम साधं आहे. पृथ्वी फिरते, त्यामुळे दुर्बिणीत धरलेला तारा हळूहळू बाजूला निसटतो. त्याला निसटू द्यायचं नाही, एवढंच मी करतो. माझ्या पोटात एक छोटी मोटार आहे. ती एक बारीक पोलादी दांडी फिरवते. दांडीवरचे आटे एका पितळी चाकाच्या दातांत बसतात आणि चाक इतकं सावकाश वळतं, की ते थांबलंय असंच वाटावं. कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईंनी सगळं बसवून झाल्यावर मला कान लावला होता. आतून नुसतं ‘सूंऽ’ ऐकू आलं, तेव्हा त्या माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, “जा बाबा, असाच गुणगुणत राहा.”

तो कारखाना पुढे बंद पडला. माझ्यात आहे तसं पितळी चाक आता कुठेच मिळत नाही.

मी ज्यांच्या घरी आलो, त्यांनी सगळा जन्म छापखान्यात मोठमोठी यंत्रं चालवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा आकाशाचा नाद लावून घेतला. संध्याकाळ झाली की आसपासची मुलं गच्चीवर जमत आणि ‘छापखानेआजोबा, आज काय?’ असा गलका करत. आजोबा शनी दाखवत, चंद्रावरचे खड्डे दाखवत. मुलं नळीची तारीफ करत. माझी तारीफ एकटे आजोबाच करायचे. “हा खालचा गडी आहे ना,” ते म्हणायचे, “म्हणून तुमचा शनी जागेवर आहे.” तेवढं मला पुरे असे.

मग वर्षं गेली. दांडी आणि चाक यांच्यात झिजून थोडी फट पडली आणि मी खडखडू लागलो. आजोबांनी ते लगेच ऐकलं. दांडीला चाकाकडे सरकवणारा एक छोटा स्क्रू आहे, तो त्यांनी जरासा आवळला. खडखड गेली. इथवर सगळं बरोबर होतं.

पण पुढच्या वेळी त्यांनी तो खबरदारी म्हणून पुन्हा आवळला. मग पुन्हा. आता फट उरलीच नाही. पोलाद पितळेला घासू लागलं आणि माझ्या पोटातून एक बारीक, उंच ‘किर्रऽ’ निघू लागली. मित्रांनो, ओरडायला माझ्याकडे एवढाच आवाज होता. आणि नेमका तोच आजोबांना ऐकू येत नव्हता. छापखान्यातल्या धडधडीनं त्यांच्या कानांतून बारीक आवाज केव्हाच पुसून टाकले होते. जाड आवाज तेवढे उरले होते. खडखड त्यांना ऐकू आली, किरकिर नाही. ते खुशीनं म्हणायचे, “बघा, स्क्रू आवळला की कसा चूप बसतो!”

खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई एकदा वर आल्या. त्यांचा आवाज खणखणीत, त्यामुळे तो आजोबांना पोचला. “अहो, मला रात्रपाळी असते. संध्याकाळी जरा डोळा लागतो, तर वर तुमचं करवतकाम सुरू!”

“बाई, मी शुक्र बघतो. सुतारकाम करत नाही. तुमच्या पाण्याच्या पंपाचा आवाज असेल.”

“पंप मागच्या महिन्यापासून बंद आहे!” असं म्हणून त्या तरातरा खाली गेल्या.

आजोबांची लेक दातांची डॉक्टर. ती मृदू बोलते. ती एकदा माझ्याजवळ वाकून म्हणाली, “बाबा, हा माझ्या दवाखान्यातल्या ड्रिलसारखा ओरडतोय.” आजोबा नळी पुसत राहिले. आणखी एकदा म्हणाली, तेव्हा ते “हो, हो, चहा चालेल” म्हणाले. ती हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत. तिनं चहा आणला.

मी मात्र झिजत होतो. रोज थोडं पितळ चुरा होऊन ग्रीसमध्ये मिसळत होतं. चाकाचे दात गेले की मी गेलो, आणि माझ्याबरोबर गच्चीवरच्या त्या संध्याकाळीही गेल्या. हे मला ठाऊक होतं. पण किरकिरून किरकिरून मीच कंटाळलो होतो. वाटायचं, आपलंच काही चुकत असेल.

एका संध्याकाळी आजोबांनी शनी लावला आणि मोटार सुरू केली. त्या दिवशी माझी किरकिर नेहमीहून फारच वाढली होती. जिन्यातून आलेल्या मुलांनी पटकन कानांवर हात ठेवले. सगळ्यांनी, एकदम. आजोबा हसत म्हणाले, “काय रे, कसला खेळ हा?”

एक चष्मेवाली मुलगी मोठ्यानं म्हणाली, “आजोबा, दुर्बीण रडतेय ना!”

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मुलांच्या हातांकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. ते खाली गेले आणि एक लाकडी पट्टी घेऊन आले. पट्टीचं एक टोक त्यांनी माझ्या अंगावर टेकवलं आणि दुसरं दातांत धरलं.

“ईऽ, आजोबा माउंट खातायत!” कुणीतरी खिदळलं.

छापखान्यात सगळी यंत्रं एकदम धडधडत असताना बिघडलेलं बेअरिंग ते असंच शोधायचे. पट्टीतून माझी किरकिर त्यांच्या दातांत गेली, दातांतून डोक्यात. मग त्यांनी पट्टी काढली आणि मुलांमागून वर आलेल्या लेकीला विचारलं, “हे कधीपासून?”

“दोन वर्षं झाली असतील, बाबा,” ती मोठ्यानं म्हणाली.

“मग सांगितलं का नाहीस?”

ती जवळ आली आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, “सांगितलं होतं.”

आजोबा माझ्याशेजारच्या स्टुलावर बसले. माझ्या अंगावर हात ठेवून म्हणाले, “मी याला बरं करत नव्हतो गं. नुसता गळा आवळत होतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उघडलं. ग्रीसमध्ये पितळेचा चुरा सोन्यासारखा चमकत होता. तो पुसून त्यांनी नवं ग्रीस भरलं, स्क्रू जरा सैल केला आणि पट्टी दातांत धरून हळूहळू जागेवर आणला.

“आता तुमचे कान दाखवायला जाऊ या,” लेक मोठ्यानं म्हणाली.

“माझ्यातही चुरा निघतो का, ते बघायला?” असं आजोबा म्हणाले, पण चप्पल घालायला उठले.

माझे झिजलेले दात काही परत आले नाहीत. एका ठिकाणी मी अजून अडखळतो आणि शनी तिथे हलकेच थरथरतो. फार दिवस चालेन असं वाटत नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा पंखा, एखादं कपाट, एखादं म्हातारं माणूस किरकिरत असेल. त्याला लगेच आवळू नका. आधी जवळ जा. आणि तुम्हाला काही ऐकू येत नसेल, तर ज्याला येतं त्याला विचारा.

आजोबांच्या कानात आता छोटं यंत्र असतं. तरी मोटार सुरू केली की ते चष्मेवालीला जवळ बोलावतात. ती मला कान लावते.

“काय म्हणतोय?” आजोबा विचारतात.

“दमलाय म्हणतोय,” ती म्हणते. “पण रडत नाहीये.”