भिंतीला दोन बोटं

"त्या घरातले गडी झुलत चालतेत म्हणं. नीट चौकशी कर बाई," मावशी म्हणाली, तेव्हा दीपमाला लग्नाच्या ब्लाऊजला हूक लावत होती. तिनं दातानं दोरा तोडला आणि हसली. बी.एस्सी. झालेली मुलगी, चौकशी तिनं आधीच केली होती. होणारे सासरे बळीराम कधी दारूला शिवले नव्हते, हे तिनं तिघांकडून पक्कं करून घेतलं होतं. मग ते झुलतात कशानं, हे मात्र तिनं विचारलं नाही. मावशीनंही नाही.

लग्न होऊन ती कमलनगरजवळच्या त्या गावात आली आणि हळूहळू बाकीचं कळलं. लग्नाच्या आधी एका पौर्णिमेला विहारात वंदनेला उभे असताना बळीराम तोल जाऊन शेजारच्याच्या अंगावर कलंडले होते. मंडळींनी त्यांना पुढं घेऊन पाचवं शील पुन्हा म्हणायला लावलं, दारूपासून दूर राहण्याचं. त्यांनी हात जोडून, अडखळत ते म्हटलं. जीभ तोवर जड झाली होती, त्यामुळं लोकांची खात्रीच पटली. लग्नानंतर दोन वर्षांत ते गेले.

आजाराला नाव मिळालं ते त्यांच्या मुलाच्या, म्हणजे दीपमालाच्या नवऱ्याच्या, बुद्धरत्नच्या वेळी. चौतिसाव्या वर्षी शाळेच्या फळ्यावर त्याची अक्षरं वाकडी जाऊ लागली. अटॅक्सिया. लहान मेंदू झिजत जातो, बापाकडून आलेला, मुलांना येण्याची शक्यता निम्मी. उदगीरचे व्यायामाचे डॉक्टर स्पष्ट बोलले होते, व्यायामानं रोग थांबत नाही, पडणं लांबवता येतं. रोज जमिनीवर बसून कशासाठी उठता, असं त्यांनी विचारलं. वंदनेला, बुद्धरत्न म्हणाला. मग तेच दहा वेळा करा, आणि एकट्यानं कधीच नाही.

म्हणून रोज सकाळी दोघं विहारात येत. फरशी सपाट होती. चावी विहाराच्या त्याच मंडळींतल्या सेक्रेटरी माणिकरावांनी आपणहून आणून दिली होती. तुमच्याकडंच राहू द्या म्हणाले आणि चहाला न थांबता गेले.

दीपमाला मोजायची. तिचा एक डोळा नवऱ्याच्या टाचांवर आणि दुसरा पायरीवर खेळणाऱ्या पाच वर्षांच्या सुजातावर असे. लहान मुलांची या रोगासाठी तपासणी करत नाहीत. मोठी झाली की तिचं ती ठरवील, असं डॉक्टर म्हणाले होते. पोरगी कुठं अडखळली की दीपमाला म्हणायची, पुन्हा चाल बघू. सुजाताला तो खेळ वाटायचा. ती पुन्हा चालायची आणि टाळी मागायची.

नागपंचमीला नणंद आली. मंजुश्री, बुद्धरत्नपेक्षा पाच वर्षांनी मोठी, सासर कडगंचीला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघांच्या मागं विहारात आली आणि पदर खोचून भावाच्या पुढं उभी राहिली.

"चल, तुझ्या जोडीनं मी बी करते. पडलास तर बघून पड, नवी साडी हाय माझी."

"तू हो पुढं," बुद्धरत्न म्हणाला. शब्द जरा ओढत आले. "लहानपणी बी तूच पाडायचीस मला."

उठबस झाल्यावर दोघं भिंतीच्या कडेनं फरशीच्या रेघेवर चालू लागले. टाचेला बोटं, टाचेला बोटं. दीपमाला मोजत होती. सातव्या पावलाला तिचं लक्ष नणंदेच्या हाताकडं गेलं. नवखं माणूस भिंतीला तळवा लावतं. मंजुश्रीनं दोन बोटं लावली होती, तीही टेकवून नाही. आधार घ्यायचा नाही, भिंत आहे एवढंच बोटांना कळू द्यायचं. ते शिकायला बुद्धरत्नला तीन आठवडे लागले होते. वळताना मंजुश्रीनं दोन्ही पाय आधी रुंद ठेवले, मान शेवटी फिरवली. हे तिला इथं कुणी सांगितलं नव्हतं.

मोजणं थांबलं.

"थांबलीस कामून?" मंजुश्री भिंतीकडं बघत म्हणाली.

"अक्का, कधीपास्नं?"

"मोज तू. त्याला कळंल."

बुद्धरत्नची नजर रेघेवर होती. दीपमालानं आठपासून पुढं मोजलं.

परतताना तो सुजाताचा हात धरून पुढं चालला होता. मागं मंजुश्रीनं थोडक्यात सांगितलं. पाच महिने झाले, कलबुर्गीत तपासणी झाली. घरी कुणाला माहीत नाही. दिवाळीनंतर तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तोवर पाय सरळ पडले पाहिजेत, मांडवात चार माणसं बघतात. सगळे शेतात गेले की ती कोठीची खोली आतून लावून घेते आणि चालते.

"आणि धरायला कोण असतंय?"

"भिंत हाय की."

त्या नवऱ्या मुलाकडच्यांना सांगायला हवं, हे दीपमालाच्या जिभेवर आलं होतं. तेही चौकशी करत असतील, आणि या घरात कुणी पीत नाही हे ऐकून निर्धास्त होत असतील. पुढं सुजाता एका पायावर उडी मारून पडता पडता सावरली आणि वळून आईकडं बघत टाळीची वाट पाहू लागली. दीपमालानं टाळी वाजवली.

मंजुश्रीला परत जाऊन बारा दिवस झालेत. परवापासून ती फोन उचलत नाही. शेतात रेंज नसेल, बुद्धरत्न म्हणतो. त्याला एकटं सोडून दीपमालाला निघता येत नाही, आणि कडगंचीत कुणाला काय म्हणून पाठवायचं, हेही तिला कळत नाही. म्हणून हे तुम्हाला सांगितलं. आळंदच्या रस्त्यानं जाणं झालं तर कडगंचीत शिरून निळ्या दाराचं घर विचारा. दहा-अकराला घरी दुसरं कुणी नसतं. दीपमालाचं नाव घेऊ नका. कडी वाजवा, प्यायला पाणी मागा. दार उघडायला वेळ लागेल. लगेच निघून जाऊ नका.